उगीच कोणी लिहीत नाही

कागद हातात आला की ते तो आधी उजेडाला धरायचे. वाचणं नंतर. वर्तमानपत्र असो, पुस्तकाची पावती असो, नाहीतर कुणाच्या लग्नाची पत्रिका असो; खिडकीकडे तोंड करायचं, चष्मा कपाळावर चढवायचा आणि कागदाच्या आरपार बघायचं. मग कागद खाली घेऊन म्हणायचे, "हं. कागदात काही नाही. आता मजकुरात बघू."

सांगलीतल्या एका लहानशा वाचनालयाचे ते कारकून होते. त्यांचं नाव मी इथं घालत नाही. ते असते तर नाव का गाळलं, त्यात मला काय दडवायचं आहे, हे शोधण्यात त्यांनी एक आठवडा मोठ्या आनंदानं घालवला असता. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो.

मी कृष्णाकाठच्या खेड्यातला. आमच्या घरात कॉलेजात जाणारा पहिलाच. माझ्या बोलण्याला मुलं हसतात असं मला वाटे, म्हणून मी फारसा बोलत नसे. संध्याकाळी वाचनालयात जाऊन बसे. ज्याला दुसऱ्याला ऐकवायची हौस आहे अशा माणसाला न बोलणारा माणूस सापडला की काय होतं, हे तुम्हाला ठाऊक असेल.

"काय कॉलेज, आज काय वाचलंत?" ते मला नावानं कधी हाक मारत नसत.

"गोष्ट वाचली, काका. मासिकातली."

"काय आहे तीत?"

"एक बाई असते. तिचं दूध उतू जातं. मग नवरा घरी येतो आणि..."

"थांबा. दूध का उतू गेलं?"

"तिचं लक्ष नव्हतं."

"का नव्हतं?"

"ते लिहिलेलं नाही, काका."

"अहो, लिहिलेलं नाही तेच तर वाचायचं! उगीच कोणी लिहीत नाही, कॉलेज. एवढी शाई, एवढा कागद, लढाईच्या टंचाईत मिळालेला. आणि तो मनुष्य नुसतं दूध सांडायला बसलाय?"

ते दूध आठ दिवस उतू जात होतं. सोमवारी ते त्या बाईचं तारुण्य होतं. बुधवारी एकत्र कुटुंब झालं. शनिवारी मी पाठ फिरवून निघालो होतो, तेवढ्यात त्यांनी मला जिन्यावर गाठलं आणि हळू आवाजात सांगितलं, "सरकार. दूध म्हणजे सरकार. आता उतू जाणार." त्या मासिकाच्या समासात त्यांनी तिन्ही अर्थ बारीक पेन्सिलीनं लिहून ठेवले होते आणि प्रत्येकापुढं प्रश्नचिन्ह होतं.

समासात लिहायची त्यांची ही खोड सगळ्या सभासदांना माहीत होती. एका रहस्यकथेच्या नवव्या पानावर एका माळ्याच्या नावाखाली रेघ मारून त्यांनी लिहिलं होतं, "हाच." ते पुस्तक बाराजणांनी नेलं आणि बाराहीजण शेवटपर्यंत त्या बिचाऱ्या माळ्यावर डोळा ठेवून होते. खून केला होता डॉक्टरनं. एक वकील चिडून भांडायला आले. काका शांतपणे म्हणाले, "लेखकानं डॉक्टर म्हटलंय, मला मान्य आहे. पण तो माळी काहीतरी लपवतोय."

मला सगळ्यांत महाग पडलं ते आबांचं पोस्टकार्ड. आबा म्हणजे माझे वडील. त्यांना लिहिता येत नसे. गावचे मास्तर त्यांच्या सांगण्यावरून चार ओळी लिहून द्यायचे. त्या कार्डात होतं, 'इकडील सर्व क्षेम आहे.' काकांनी ते उजेडाला धरलं. मग मागच्या महिन्याचं कार्ड मागून घेतलं. दोन्ही शेजारी ठेवली.

"मागच्या खेपेला नुसतं 'क्षेम' होतं. या खेपेला 'सर्व क्षेम'. हे 'सर्व' का घालावं लागलं?"

"मास्तरांनी घातलं असेल, काका."

"म्हणजे मास्तरांनाही माहीत आहे," ते गंभीरपणे म्हणाले.

मी हसलो. पण वसतिगृहात गेल्यावर मला झोप येईना. दुसऱ्या दिवशी तास बुडवून मोटारीनं आणि मग पायी असा गावाला पोचलो. आबा गोठ्यात वैरण टाकत होते. आई भाकरी करत होती. माझी धाकटी बहीण हौसा जात्यापाशी बसून शेंगा फोडत होती.

"का रं आलास?" आबा दचकून म्हणाले.

"तुमी 'सर्व क्षेम' लिवलं व्हतं म्हून."

"मग सर्व क्षेमच व्हतं की रं! म्हून लिवलं!"

ही गोष्ट काकांना सांगितली तेव्हा त्यांना लाज वाटेल अशी माझी अपेक्षा होती. ते म्हणाले, "चला, जाऊन बघितलंत ना? बरं केलंत." माझा बुडालेला तास, चालून आलेले फोड, यांचा हिशेब त्यांच्या लेखी नव्हताच.

लढाईत ते मिलिटरीत होते एवढं सगळे जाणत. "पत्रं वाचायला होतो," असं ते सांगत. मला आधी वाटलं, ज्यांना वाचता येत नाही अशा शिपायांना ते पत्रं वाचून दाखवत असतील. तसं नव्हतं. आपल्याकडच्या शिपायांनी घरी पाठवलेली मराठी पत्रं वाचून, त्यात पलटणीचा ठावठिकाणा किंवा काही गुपित आहे का ते बघायचं, असं ते काम होतं. कागद उजेडाला धरायचा तो त्यासाठी. लिंबाच्या रसानं काही लिहिलंय का, कुठं टाचणीनं भोक पाडलंय का.

"आणि प्रत्येक पत्रात बैल," ते सांगायचे. "आमचा गोरा साहेब हैराण. 'हे सगळे लोक बैलाबद्दल का विचारतात? बैल म्हणजे काय? तोफ का?' मी सांगायचो, साहेब, बैल म्हणजे बैलच. त्याला पटायचं नाही."

आता लढाई संपून वर्ष झालं होतं. साहेब आपल्या देशी निघून गेला होता, पण जाताना आपली शंका काकांच्या गळ्यात घालून गेला असावा.

कॉलेजच्या वार्षिक अंकात माझी गोष्ट छापून आली. पहिलीच. सर म्हणाले होते, पाहिलेलं लिहा. मी एक साधी गोष्ट लिहिली. एका खेड्यात मुलगी बघायला पाहुणे निघालेत. वाटेत नदीच्या उतारात, म्हणजे जिथून गाडी पाण्यातून पार होते तिथं, गाडीचा बैल मधोमध बसतो. काही केल्या उठत नाही. मुलाचा बाप याला अपशकुन समजून परत फिरतो. ते परत फिरल्यावर बैल उठतो. इकडं ती मुलगी गूळपाण्याचं ताट घेऊन दारात उभी असते. बस्स. सरांनी शेरा दिला होता, 'जनावराचं निरीक्षण चांगलं.' मी तो शेरा दहा वेळा वाचला होता.

वाचनालयात अंक आला आणि मी घाबरत घाबरत काकांसमोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी पान उजेडाला धरलं. मग वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग खुर्ची पुढं ओढली.

"कॉलेज, तुम्ही भलतेच निघालात. बैल म्हणजे सत्याग्रह!"

"नाही हो, काका."

"हळू बोला. बैल बसला. मारलं तरी उठत नाही. मालक परत फिरला, तेव्हाच उठला. मालक म्हणजे कोण हे मी विचारत नाही. मी दोन वर्षं असलीच पत्रं पकडलीत."

"काका, बैलाला उकडत होतं म्हणून तो बसला."

"हे तुम्ही पोलिसांना सांगा. मला सांगू नका."

मला रडू यायचंच बाकी होतं. सगळं आयुष्य लोक आपल्याला गावंढळ समजतात, आणि एकदा साधं काही लिहावं तर त्यातला साधेपणाच कुणी ठेवून घेत नाही. मी रागानं म्हणालो, "त्यात बैलाशिवाय काही नाही!"

काकांनी पान जवळ ओढलं. शेवटच्या ओळीवर पेन्सिल ठेवून बसले. 'मुलगी ताट घेऊन दारात उभी राहिली.' मग विचारलं, "बैलावर तुम्ही दीड पान लिहिलंत. हिच्यावर एकच ओळ. का?"

"जागा संपली."

त्यांनी समासात काहीतरी लिहिलं आणि हातानं झाकून घेतलं. मी बघायला वाकलो नाही. मला वीट आला होता.

पंधरा दिवसांनी आबा सांगलीला आले. ते यापूर्वी कधी वसतिगृहात आले नव्हते. फेटा काढून मांडीवर ठेवून माझ्या खाटेवर बसले आणि म्हणाले, "तू नेमकं काय लिवलंस?"

"गोष्ट लिवली, आबा."

"खरी का खोटी?"

"गोष्ट, आबा."

"आरं पन खरी का खोटी?"

झालं होतं ते असं. हौसाची सोयरीक पूर्वेकडं, आटपाडीच्या बाजूला ठरली होती. सुपारी फुटली होती, फक्त तिथी धरायची राहिली होती. मुलगा पलटणीत, माणसं चांगली. पण त्या दुष्काळी माळावर शेतीपेक्षा जनावरांवर घराचं नाव चालतं. व्याह्यांकडं एक खिलार वळू होता. लांबलांबचे लोक आपल्या गाई त्याच्याकडं घेऊन यायचे. त्याचं डावं शिंग अर्धं तुटलेलं होतं. त्यांचा एक पुतण्या आमच्याच कॉलेजात होता. त्यानं सुट्टीत अंक नेला आणि पारावर मोठ्यानं वाचून दाखवला. माझ्या गोष्टीतल्या बैलाचंही डावं शिंग अर्धं तुटलेलं होतं.

"लोक हसाय लागल्यात त्येला," आबा म्हणाले. "पान्यात बसनारा बैल म्हंत्यात. व्याह्यानं सांगावा धाडलाय. म्हंतोय, आमच्या जनावराची छापून बदनामी केली, त्या घरची पोरगी आमी कशी करावी?"

"पन आबा, त्यो बैल मनातला..."

"तुजी गोष्ट ऱ्हाऊ दे. सुपारी फुटल्यावर मोडलं तर हौसाला फुडं कोन बघंल?"

 सोयरीक मोडलेल्या मुलीबद्दल लोक काय काय बोलतात ते मी लहानपणापासून ऐकलं होतं. व्याह्यांनी एक वाट ठेवली होती. ते आमच्या गावी येणार होते. तिथं कुणीतरी जाणत्या, शिकल्यासवरल्या माणसानं ती गोष्ट वाचून, तीत त्यांच्या घराबद्दल काही वाईट नाही असं सर्वांसमक्ष सांगायचं.

मी सरांकडं गेलो. सर हसले आणि म्हणाले, "बैलापायी मी तुझ्या गावाला येऊ?" मग एकच माणूस राहिला. मिलिटरीत कागद तपासणारा माणूस म्हटल्यावर आबांना ते एकदम पटलं. मला मात्र 'बैल म्हणजे सत्याग्रह' आठवलं.

"काका, तुम्ही फक्त एवढंच म्हणायचं," मी वाचनालयात त्यांच्यासमोर हात जोडून म्हणालो. "'यात काही नाही.' तीन शब्द. सत्याग्रह नाही, सरकार नाही. माझ्या बहिणीचा प्रश्न आहे."

ते बराच वेळ टेबलावरची पेन्सिल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं नेत राहिले.

"ते तीन शब्द मी एका पत्रावर लिहिले होते," ते म्हणाले. "पाटणच्या वर, कोयनेच्या खोऱ्यातला पोरगा. विशीतला. चार ओळींचं पत्र. मी बरा आहे, तुम्ही बरे असा, आणि सोबत पाठवलेली माझी घोंगडी धाकट्याला द्या. मी उजेडाला धरलं. काही नव्हतं. वहीत लिहिलं, 'यात काही नाही.' आणि ठप्पा मारून पुढं पाठवलं."

"मग?"

"चौथ्या दिवशी तो गेल्याची बातमी आली. गोळी शत्रूची नव्हती."

माझे जोडलेले हात खाली आले.

"हिवाळा तोंडावर होता, कॉलेज. घोंगडी कोण देऊन टाकतं? मी विचारायला हवं होतं. त्याची राहुटी माझ्या कचेरीपासून अर्ध्या मैलावर होती. चालत जाऊन विचारता आलं असतं." मग चष्मा पुसत म्हणाले, "मी येतो तुमच्या गावाला. पण ते शब्द मला म्हणता येतील का, ते सांगता येत नाही."

दुसरा कुणी नव्हताच. मी त्यांना घेऊन गेलो. सगळ्या वाटभर ते अंक मांडीवर घेऊन बसले होते आणि मी मनातल्या मनात चिडत होतो. वाईटही वाटत होतं आणि चीडही जात नव्हती. दोन्ही एकदम वाटतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

व्याही आले ते एकबैली गाडीला तोच बैल जुंपून. वळूला कोणी गाडीला जुंपत नाही. पण त्यांनी जुंपला होता, दोन दिवसांची वाट चालवत आणला होता, आणि नदीच्या पलीकडं थांबून निरोप पाठवला की सगळ्या गावानं उतारावर यावं. आम्ही गेलो. शिमगा होऊन गेला होता, पाणी गुडघाभर. व्याही उंच, लाल पटका, खांद्यावर घोंगडी. काका त्या घोंगडीकडं बघत राहिले.

"ल्येखक कंचा?" पलीकडून हाक आली.

मी पुढं झालो.

"डोळं उघडून बघ आता!"

गाडी पाण्यात उतरली. मधोमध आल्यावर बैल थांबला. अर्धं गाव काठावर टाचा उंचावून उभं. बैलानं मान खाली घातली आणि पाणी प्यायला सुरुवात केली. प्यायला, प्यायला, पितच राहिला. त्या माळरानावरच्या जनावरानं एवढं पाणी एका जागी कधी बघितलं नसावं.

"थांबला," काका माझ्या कानाशी म्हणाले. "बघा, थांबला."

"पाणी पितोय, काका."

"एवढा वेळ?"

"काका, मी तुमच्या पाया पडतो."

बैलानं मान वर केली, नाक उडवलं आणि ऐटीत गाडी काठावर आणली. व्याही माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "बसला?"

"न्हाई."

"मोठ्यानं बोल."

"न्हाई बसला!"

मग सगळे आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात येऊन बसले. आबांनी गूळपाणी दिलं. बैल अंगणात बांधला होता आणि माझ्याकडंच बघतोय असं मला वाटत होतं. व्याह्यांनी काकांना नमस्कार केला. "तुमी मिलिटरीत पत्रं वाचायचा म्हनं. माज्या पोराची बी वाचली असतील."

"असतील. बैलाची चौकशी करायचा का?"

"दर पत्रात!" व्याह्यांचा चेहरा फुलला. मग आठवण होऊन पुन्हा आवळला. "तर आता सांगा. ह्यो बैल कुनाचा?"

काकांनी अंक उजेडाला धरला, खाली घेतला आणि माझ्याकडं बोट केलं. "त्याला विचारा. लिहिणारा जिवंत आहे, समोर बसलाय. वाचणाऱ्याला हे भाग्य रोज मिळत नाही."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आणि मला खरं सांगायला हवं. इतके दिवस मी सगळ्यांना बैल मनातला आहे असं सांगत होतो, पण तो नव्हता. दिवाळीत आम्ही त्यांचं घर बघायला गेलो तेव्हा मी तो पाहिला होता. आवडला होता. पाहिलेलं लिहा म्हटल्यावर तोच डोळ्यांसमोर आला.

"शिंग तुमच्याच बैलाचं," मी म्हणालो.

सोप्यात कुजबुज झाली. व्याही पुढं सरकले. "आनि बसला त्यो?"

"बसली ती आमची म्हस. दोन वर्सांमागं, ह्याच उतारात."

"म्हशीचं बसनं माज्या बैलाला लावलंस व्हय रं?"

"व्हय."

"का?"

"म्हशीच्या गाडीतनं पोरगी बघाय कोन जातंय?"

स्वयंपाकघरातून कुणीतरी फिस्सकन हसलं. तो हौसाचा आवाज होता. काकांनी मान तिकडं वळवली. व्याह्यांच्या मिशा हलल्या. हसू होतं की राग, ते मला कळेना. ते काकांना म्हणाले, "बरं. पोरगं येडं हाय, पन खोटं बोलत न्हाई. तुमी जानतं. आमच्या घराबद्दल ह्यात वंगाळ काय न्हाई, येवढं तुमी म्हना. तिथी धरू आन उठू."

तीन शब्द. मी काकांकडं बघितलं. आबा काकांकडं बघत होते. काकांनी अंक मिटून मांडीवर ठेवला. मग ते म्हणाले, "मला तसं म्हणता येत नाही."

आबांनी डोळे मिटले.

"तुमच्या घराबद्दल काही नाही. बैलाबद्दलही नाही. पण यात एक मुलगी आहे. पाहुणे गेले, बैल उठला, सगळ्यांचं सगळं झालं आणि ती ताट घेऊन उभीच आहे. लिहिणाऱ्यानं तिला एक शब्द बोलू दिलेला नाही. तो तिचा भाऊ आहे. मला वाटतं, तिला जायचं नाहीये आणि ते याला माहीत आहे. मी चुकत असेन. तिला विचारा."

"पोरीला इचारायचं?" व्याही म्हणाले. "आमच्यात इचारत न्हाईत."

"आमच्यात बी न्हाईत," आबा घाईनं म्हणाले.

दोन्ही बाजूंची माणसं एकदम बोलायला लागली. कुणी फेटा सारखा केला, कुणी उठलं. मला वाटलं, संपलं. माझ्या एका ओळीनं आणि या माणसाच्या एका खोडीनं माझ्या बहिणीचं लग्न मोडलं. त्या क्षणी मला काकांचा जेवढा राग आला तेवढा जन्मात कुणाचा आला नसेल.

तेवढ्यात हौसा दारात आली. डोक्यावरचा पदर दातात धरलेला, हाताला पीठ.

"आवं काका, मला जायाचं न्हाई म्हून तुमास्नी कुनी सांगितलं?"

उठलेले खाली बसले. काका उभे राहिले. एखाद्या साहेबापुढं राहावं तसे. "कुणी नाही. मला वाटलं."

"मला जायाचं हाय. मानसं मला पसंत हायती."

"आणि बैल बसला तर?" काकांनी अगदी मनापासून विचारलं.

"बसला तर बसंना. मी चालत जाईन."

आधी हसले ते व्याही. मांडीवर थाप मारून एवढ्यानं हसले की अंगणातला बैल दचकला. "आयला! पोरगी हाय का कोन!" मग सगळेच हसले. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला ते उगीच पानाचा डबा शोधत राहिले. आत जाताना हौसा माझ्याकडं वळली. "आन दादा, ती पोरगी ताट घिऊन कशापायी उभी ऱ्हायली रं? दंड भरून येत्यात. खाली ठेवायचं की!"

सर, काका, व्याही, कुणीही माझ्या गोष्टीतली ही चूक काढली नव्हती.

तिथी धरली. आम्ही सांगलीला निघालो. माझा राग पुरता गेला नव्हता. निभावलं म्हणून, नाहीतर काय झालं असतं, हे मला त्यांना सुनवायचं होतं. पण ते खिडकीशी बसून एकटेच हसत होते.

"चुकलो, कॉलेज. साफ चुकलो."

"मग त्यात हसायचं काय, काका?"

"अहो, विचारायला मिळालं. विचारलं आणि तिनं सांगितलं."

लग्नाला ते आले होते. त्यानंतर आठ दिवसांची रजा काढून ते पाटणला गेले. कशाला, ते मला विचारावं लागलं नाही. परत आले ते दमलेले, पायांना फोड आलेले. मी विचारलं, "भेटले?" ते म्हणाले, "भेटले. धाकटा आता शाळेत जातो. घोंगडी तोच पांघरतो. म्हातारीनं ती माझ्या हातात दिली."  त्या संध्याकाळी माझ्यासमोरचं वर्तमानपत्र त्यांनी उजेडाला न धरताच वाचलं. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा धरलं, आणि हवामानाच्या बातमीत त्यांना काहीतरी सापडलं.

बी. ए.च्या परीक्षेनंतर मी गावी होतो, तेव्हा ते गेल्याचं पोस्टकार्ड आलं. तापानं. चार ओळींचं कार्ड होतं आणि मी ते खिडकीशी नेऊन आरपार बघितलं. का बघितलं, मला सांगता येत नाही.

पुढं सांगलीला गेलो तेव्हा वाचनालयात नवा कारकून होता. तो रबर घेऊन पुस्तकांचे समास साफ करत बसला होता. कपाटात आमचा वार्षिक अंक अजून त्याच्या तावडीत सापडायचा होता. मी तो काढून माझ्या गोष्टीचं शेवटचं पान उघडलं. 'सत्याग्रह?' होतं. त्यावर काट मारलेली होती. खाली, त्या दिवशी हातानं झाकून धरलेल्या जागी, बारीक पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'हिला विचारा.'

आणि त्याच्याखाली, जरा ठळक, एकच शब्द.

'विचारलं.'

त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह नव्हतं. नव्या कारकुनाला मी विनंती केली, एवढं पान राहू द्या.

"का? त्यात काय आहे?" तो म्हणाला.